तालेन्सी लोकांची बाजरी, घरातली सुगी आणि धान्याची कोठी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालेन्सी कोण? ते राहतात कुठे?

पश्चिम आफ्रिकेतल्या घाना देशाच्या ईशान्य कोपऱ्यात, बुर्किना फासोच्या सीमेपासून फार लांब नसलेल्या भागात. त्या प्रदेशाचं सरकारी नाव अप्पर ईस्ट. बोलगाटांगा हे तिथलं मोठं शहर आणि त्याच्या आग्नेयेला थोड्या अंतरावर टोंगो, म्हणजे तालेन्सी जिल्ह्याचं ठाणं. टोंगोच्या मागे मोठमोठ्या शिळा एकावर एक रचल्यासारखे टोंगचे डोंगर आहेत आणि त्यात टेंगझुग हे जुनं गाव. जिल्ह्याची लोकसंख्या २०२१च्या जनगणनेनुसार सुमारे ८७ हजार आहे.

तालेन्सी समाजात दोन मोठे गट धरतात. टाली हे तिथलेच, जमिनीतून उगवलेले मानले जातात. नामू स्वतःला दक्षिणेकडच्या मामप्रुगु राज्यातून आलेल्या मोसूर नावाच्या मूळपुरुषाचे वंशज सांगतात. गावप्रमुखपद नामूंकडे, धरणीच्या पुजाऱ्याचा मान टालींकडे. हा पुजारी म्हणजे तेंदाना. पावसाची काळजी प्रमुखाने वाहायची आणि मातीची तेंदानाने, अशी ही वाटणी आहे. शेती दोघांच्या सहकार्याशिवाय होत नाही, असं लोक मानत आले.

एवढ्या लहान समाजाबद्दल इतकं लिहिलं का गेलं आहे?

मेयर फोर्टेस या मूळच्या दक्षिण आफ्रिकेतल्या मानववंशशास्त्रज्ञामुळे. १९३४ ते १९३७ या काळात ते आणि त्यांची पत्नी सोनिया टोंगो परिसरात राहिले. तेव्हा तालेन्सींची संख्या ३५ हजारांच्या आसपास होती. कोणत्या घरात कोणाचं धान्य कोण खातं, कोण कोणाच्या शेतात राबतं, इतक्या बारकाईने त्यांनी नोंदी केल्या. कुटुंब आणि कुळ यांविषयीच्या जगभरच्या अभ्यासात तालेन्सी आजही येतात ते त्यामुळेच. खाली जिथे 'पूर्वी' असं म्हटलं आहे तिथे बहुतेक वेळा तो काळ अभिप्रेत आहे. पण त्यातल्या बऱ्याच गोष्टी अजून चालू आहेत, हेही लक्षात असू द्या.

तिथली बाजरी म्हणजे आपलीच बाजरी का?

हो. नाचणी नाही, वरई नाही, आपण जिची भाकरी करतो तीच. खरं तर बाजरी मुळात आफ्रिकेचीच. सहाराच्या दक्षिण कडेला सुमारे ४,५०० वर्षांपूर्वी ती माणसाळवली गेली आणि तिथून पुढे भारतात आली.

ते एकच पीक घेतात का?

नाही, आणि तालेन्सी शेतीची सगळी हुशारी इथेच आहे.

एक हळवी बाजरी, तिला ते 'नारा' म्हणतात. पहिल्या दमदार पावसावर, एप्रिलच्या अखेरीस किंवा मे महिन्यात पेरायची आणि जुलैत काढायची. दुसरी गरवी बाजरी. ती जवळपास तेव्हाच पेरली जाते, पण निसवते ती दिवस लहान होऊ लागल्यावरच. त्यामुळे पेरणी आठ-पंधरा दिवस पुढे-मागे झाली तरी ती ऑक्टोबर-नोव्हेंबरातच तयार होते, पाऊस संपल्यावर, कोरड्या हवेत. तिसरी ज्वारी. या तिन्हींतली दोन-तीन धान्यं एकाच शेतात मिसळून असतात आणि मधे चवळी. हळवी बाजरी कापली की मागे राहिलेल्या पिकाला जागा, ऊन आणि ओल मिळते.

पाऊस एकाच हंगामात, साधारण ९०० ते १,००० मिलिमीटर. आकडा आपल्या दुष्काळी तालुक्यांपेक्षा बराच मोठा वाटेल. पण तो कसा पडतो ते पाहा. मे महिन्यात एक चांगली सर येते, लोक पेरतात, आणि मग तीन आठवडे काहीच नाही. उगवलेलं जळून जातं. दुबार पेरणीची वेळ तिथेही येते आणि बियाणं म्हणून ठेवलेलं धान्य दुसऱ्यांदा मातीत टाकावं लागतं. तेही घरात खायला उरलं नसताना. एकाच रानात तीन मुदतींची पिकं घेतात ती यासाठीच. एक बुडालं तर दुसरं हाती लागतं.

याशिवाय भुईमूग, बांबारा शेंगा (शेंग भुईमुगासारखी जमिनीतच लागते), भेंडी, सखल जागी थोडा भात.

शेत घरापासून किती लांब असतं?

मुख्य शेत घराच्या दाराशीच सुरू होतं. तालेन्सी गावात आपल्यासारखी दाटीवाटीची वस्ती नसते. घरं सुटी सुटी असतात आणि प्रत्येक घर आपल्या शेताच्या मधोमध. गोल मातीच्या खोल्या भिंतींनी जोडलेल्या, मध्ये गुरांचं आवार. शेण, राख, केरकचरा सगळं याच शेतात जातं, म्हणून ते पिढ्यानपिढ्या न थकता पिकतं. लांबचं माळावरचं शेत वेगळं. तिथे खत पोचत नाही, काही वर्षं पिकवून ते पड टाकावं लागतं. टारफुल्याचा उपद्रवही अशा दमलेल्या जमिनीत जास्त. बाजरी-ज्वारीच्या मुळांवर जगणारं हे तण आपल्याकडच्या शेतकऱ्यांना नवं नाही.

जमीन विकायची वस्तू नव्हे. ती कुळाची, पूर्वजांकडून आलेली, आणि धरणी स्वतः पवित्र. पूर्वी तेंदानाने अंगावर कापड घालायचं नाही, कातडंच पांघरायचं, असा नेम होता.

पेरणी कोण करतं, पुरुष की बायका?

दोघं मिळून, आणि मुलंही. आखूड दांड्याची खोऱ्यासारखी कुदळ असते. पुरुष वाकून एका फटक्यात जमिनीत उथळ खड्डा करतो आणि पुढे सरकतो. मागून बाई किंवा पोरगं येतं, हातातल्या भोपळ्याच्या तुंबड्यातून चिमूटभर दाणे त्यात टाकतं आणि पायाने माती सारतं. खड्डा, दाणे, पाय. असं दिवसभर, आणि चार दिवसांत ओल उडून जायच्या आत. एकट्या माणसाला हे शक्यच नाही. शेताचा आकार घरात किती हात आहेत त्यावर ठरतो.

खुरपणी हे पुरुषांचं मोठं काम मानतात. तीही दोनदा करावी लागते.

जावयाला सासऱ्याच्या शेतात राबावं लागतं, हे खरं का?

खरं आहे. जावई आपले भाऊबंद आणि मित्र गोळा करतो आणि ठरल्या दिवशी सगळे सासऱ्याच्या शेतात खुरपणीला उतरतात. सासऱ्याने त्यांना जेवण आणि ज्वारीची बिअर द्यायची. या बिअरला घानात सगळीकडे 'पिटो' म्हणतात. आपल्याकडच्या इर्जिकेची आठवण व्हावी असाच हा दिवस. फरक इतकाच की इथे कर्तव्य सोयरिकीचं आहे. मुलगी दिली त्या घराला फक्त गुरं मिळत नाहीत, हंगामात कामाला माणसंही मिळतात. किती माणसं घेऊन आला यावरून जावयाची पत कळते.

'भुकेचे महिने' म्हणजे काय?

मे ते जुलैचा पहिला पंधरवडा. कोठी तळाला गेलेली, नवं पीक अजून हिरवं, आणि अंगमेहनतीचं काम मात्र याच वेळी सगळ्यात जास्त. वर्षातला सगळ्यात कमी घास आणि सगळ्यात जड काम एकाच वेळी येतात, ही या शेतीतली क्रूर गोष्ट आहे. लोक अर्धपोटी खुरपतात. रानातली पालेभाजी, शिआ या रानझाडाची फळं, कोंबडी विकून बाजारातून आणलेलं मापभर धान्य, यावर दिवस काढतात.

म्हणूनच हळव्या बाजरीला तालेन्सींच्या आयुष्यात जे स्थान आहे ते तिच्या उताऱ्यावरून कळणार नाही. उतारा गरव्या पिकांचाच जास्त. पण जुलैत चूल पेटवते ती नारा. ज्या वर्षी ती बुडते त्या वर्षी पुढचं पीक कितीही जोमदार असो, तोवर तग धरायचा कसा हा प्रश्न उरतोच.

हळवी बाजरी काढताना काय अडचण येते?

पाऊस. ती ऐन पावसाळ्यात तयार होते. कणसं कापून टोपल्यांतून घरी आणतात आणि घराच्या सपाट धाब्यावर वाळत घालतात. आभाळ भरून आलं की घरातला लहान-थोर प्रत्येकजण वर धावतो. ओली राहिली तर कणसाला बुरशी येते किंवा दाण्याला मोड फुटतो. शेतातच चिमण्यांचे थवे उतरतात ते वेगळंच. हिरव्या रानात तेव्हा तेवढंच एक पिकलेलं असतं.

मुलांना कामाला लावतात का?

लावतात. पण कामाला लावणं असं कोणी म्हणणार नाही, मुलं कामातच वाढतात. पाच-सहा वर्षांचं मूल पाखरं हाकायला बसतं. थोडे मोठे मुलगे शेळ्या-गुरं राखतात. पेरणी झाली की एकही जनावर मोकळं सुटता कामा नये, कारण घराच्या चारी बाजूंना पीकच असतं. एका मुलाचं लक्ष उडालं तर शेजाऱ्याचा वाफा फस्त, आणि मग दोन घरांत भांडण. मुली लहान भावंडं सांभाळतात, पाणी आणतात, आईबरोबर जात्यावर बसतात. फोर्टेस यांना तालेन्सी मुलांच्या शिक्षणात विशेष वाटलं ते हेच: मुलांचं जग मोठ्यांपासून वेगळं काढलेलं नाही. बापाच्या कुदळीची छोटी कुदळ मुलाला मिळते आणि तो तिने खरोखरच्या शेतात खरंच काम करतो.

आता मुलं शाळेत जातात, जायलाच हवं. त्यामुळे राखणीचं काम म्हाताऱ्या माणसांवर आलं आहे.

मोठी सुगी कधी?

ऑक्टोबरच्या अखेरीपासून. गरवी बाजरी आणि ज्वारी पुरुषभर उंचीच्याही वर जातात. म्हणून आधी ताटं आडवी पाडायची, मग मागून येणाऱ्यांनी कणसं कापून टोपल्या भरायच्या. वाहून नेणं मुख्यतः बायकांचं. ताटंही वाया जात नाहीत. रान उजाड असल्यामुळे तीच सरपण, तीच कुंपण, त्यांच्याच चटया. डिसेंबरात सहाराकडून हरमाटन हा धुळीचा कोरडा वारा सुटतो, त्याआधी सगळं आत आलेलं बरं.

धान्य ठेवतात कुठे आणि ते कोणाच्या ताब्यात असतं?

घराच्या आवारात माणसापेक्षा उंच, फुगीर पोटाची मातीची कोठी असते, वर गवती टोपी. खाचा पाडलेल्या लाकडाच्या शिडीने वर चढायचं, टोपी उचलायची आणि आत उतरायचं. धान्य न मळता, कणसांसकटच ठेवतात. लागेल तसं बायका ते झोडपतात, पाखडतात, दळतात.

या कोठीत चढायचा अधिकार घरच्या कर्त्या पुरुषाचा. तालेन्सी घरात बाप, त्याच्या एकापेक्षा जास्त बायका, लग्न झालेले मुलगे, सुना, नातवंडं सगळी एकत्र असतात. सगळ्यांनी राबून पिकवलेलं धान्य एकाच कोठीत जातं. बाप वर चढतो, कणसं काढतो आणि प्रत्येक बायकोला तिच्या चुलीपुरता वाटा देतो. कोणाला किती, हे तोच ठरवतो. सुगीत हात सैल, मार्चनंतर आखडता. पुढच्या जुलैपर्यंत काय उरलं आहे हे घरात फक्त त्यालाच नक्की ठाऊक असतं.

हा नुसता पुरुषी अधिकार म्हणून सोडून देणं मला अपुरं वाटतं. अधिकार आहेच, आणि बायकांना तो जाचतही असणार. पण त्याच्या मागे एक जबर जबाबदारी आहे. जूनमध्ये कोठी रिकामी निघाली तर दोष पावसाचा असो वा उधळपट्टीचा, बोट दाखवलं जातं ते एकाच माणसाकडे. तालेन्सी घराला एकत्र धरणारी गोष्ट कोणती असं विचारलं तर मी ही कोठीच दाखवेन. एका कोठीतून खाणारे ते एक घर. भाऊ वेगळे निघाले की पहिली खूण म्हणजे नवी कोठी उभी राहते.

थोरल्या मुलाला बापाच्या कोठीत डोकवायला बंदी का असते?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि उत्तर थोडं सावकाश वाचावं अशी विनंती आहे.

हा नेम नामू कुळांमध्ये विशेष काटेकोरपणे पाळतात. पहिला मुलगा समज आल्यापासून बापाच्या ताटात जेवत नाही, त्याचे कपडे आणि टोपी घालत नाही, त्याच्या धनुष्याला हात लावत नाही आणि बाप जिवंत असेपर्यंत त्याच्या कोठीत पाहत नाही. धाकट्यांना इतकी बंधनं नाहीत. थोरली मुलगीही आईच्या साठवणीच्या मडक्यात डोकावत नाही.

बाहेरच्यांना हे विचित्र वाटतं. पण रोजच्या जगण्यात पाहिलं तर त्यामागचा ताण लगेच ओळखू येतो. थोरला मुलगा बापाचा वारस. शेतात सगळ्यात जास्त राबतो तोच. त्याची स्वतःची पोरंबाळं झालेली असतात, केस पांढरे व्हायला लागलेले असतात, तरी बाप असेपर्यंत तो कर्ता नाही. बापाची जागा त्यालाच मिळणार, आणि ती मिळणार बापाच्या मरणानेच. हे दोघांनाही कळतं. तालेन्सी हे झाकून ठेवत नाहीत. ते म्हणतात की बापाचं दैव आणि थोरल्याचं दैव एकमेकांशी झुंजतात, मुलगा वाढतो तसा बाप उतरणीला लागतो. बापाचा जीव त्याच्या कोठीत गुंतलेला असतो, अशीही समजूत आहे. मग वारसाने जिवंतपणी तिथे डोकावणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

बाप गेल्यावर लगेच काही होत नाही. उत्तरकार्याचा शेवटचा भाग कित्येक महिन्यांनी, कधी त्याहूनही उशिरा करतात. त्या दिवशी थोरल्याच्या अंगावर बापाचा अंगरखा आणि टोपी चढवतात. कुळातली वडीलधारी मंडळी त्याला कोठीपाशी नेतात आणि आत पाहायला लावतात. आयुष्यभर ज्याकडे पाठ फिरवली तिथे आता सगळ्यांदेखत पाहायचं. त्यानंतर कोठी त्याची, घर त्याचं, पूर्वजांना कोंबडं देण्याचा अधिकार आणि भारही त्याचा.

वारसाहक्काचं भांडण प्रत्येक शेतकरी समाजात असतं. ते इतक्या उघडपणे मान्य करून रोजच्या वागण्यात त्याला बांध घालणारी रीत मला फार समंजस वाटते. जुन्या प्रशासकीय भाषेत अशा समाजांना सरसकट 'आदिम' म्हणून टाकायची सवय होती. ती चुकीची होती.

बायकांच्या मालकीचं काहीच नसतं का?

असतं. नवऱ्याने दिलेल्या तुकड्यावर लावलेला भुईमूग आणि बांबारा शेंगा बाईच्या. शिआच्या बिया गोळा करून काढलेलं लोणी तिचं. पिटो गाळून विकला तर ते पैसे तिचे. या भागातले बाजार दर तिसऱ्या दिवशी भरतात आणि त्यात बहुसंख्य विक्रेत्या बायका असतात. रोजच्या कालवणाला लागणारं बरंचसं, म्हणजे शेंगदाणे, भेंडी, मीठ, याच कमाईतून येतं. कोठीतून फक्त धान्य मिळतं.

बाजरीचं करतात काय? भाकरी?

भाकरी नाही. पीठ उकळत्या पाण्यात शिजवून, लाकडी दांडक्याने घोटून घट्ट गोळा करतात. घानात त्याचं बाजारी नाव टीझेड, म्हणजे 'तुओ झाफी'. बरोबर भेंडीचं, अंबाडीच्या पाल्याचं किंवा गोरखचिंचेच्या पानांचं बुळबुळीत कालवण, त्यात दावादावा झाडाच्या बिया आंबवून केलेला उग्र वासाचा मसाला. दारी आलेल्या पाहुण्याला बाजरीचं पीठ पाण्यात कालवून देतात. ते घेतल्याशिवाय बोलणं सुरू होत नाही.

शेतीचे सण कोणते?

दोन प्रमुख. मार्चमध्ये, पेरणीच्या आधी टेंगझुगला गोलोगो, पाऊस आणि पिकासाठी. आणि सुगीनंतर, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास बोआराम, कृतज्ञतेचा. डोंगरातलं टोंगनाब हे देवस्थान घानाच्या दक्षिणेपर्यंत प्रसिद्ध आहे. १९११ मध्ये ब्रिटिश सैन्याने डोंगरावर हल्ला करून तिथल्या लोकांना खाली हुसकावलं आणि देवस्थानावर बंदी घातली. पूजा थांबली नाही. शेतीचं वर्षच तिथून सुरू होत असेल तर ती थांबणार कशी?

आज परिस्थिती कशी आहे?

मका वाढला आहे. खत दिलं तर तो जास्त उतारा देतो, पण पावसाने ताण दिला की आधी तोच मान टाकतो. नांगर, ट्रॅक्टर, पिठाची गिरणी आली. गिरणीने बायकांचे दळणाचे तास वाचवले, आणि माझ्या मते गेल्या शंभर वर्षांतला तिथला सगळ्यात उपकारक बदल तोच. तरुण कोरड्या हंगामात, पुष्कळदा कायमचेच, कुमासी आणि राजधानी अक्रा या दक्षिणेकडच्या मोठ्या शहरांत जातात. जिल्ह्यातच ग्बाने भागात सोन्याच्या खाणी आहेत. तिथे काही दिवसांत मिळणारा पैसा शेतात वर्षभर राबून दिसत नाही, म्हणून खुरपणीच्या दिवसांत हात मिळत नाहीत. धोका मोठा आहे. जानेवारी २०१९ मध्ये ग्बानेच्या खाणीत सोळा जण दगावले.

हळव्या बाजरीवर घानाच्या सवाना कृषी संशोधन संस्थेने काम केलं आहे आणि त्यांनी प्रसारित केलेल्या वाणांच्या नावांतही 'नारा' हा शब्द आहे.

महाराष्ट्राशी याचा काही संबंध आहे का?

आहे, आणि तो थेट आपल्या शेतात येतो. उत्तर घाना, टोगो, बेनिन आणि बुर्किना फासो या पट्ट्यात हळव्या, टपोऱ्या दाण्याच्या बाजरीचा एक जुना गट आहे, त्याला इनियादी म्हणतात. तालेन्सींच्या शेजारपाजारची हळवी बाजरी याच गोतावळ्यातली. उत्तर टोगोतल्या इनियादी बाजरीतून निवड करून हैदराबादजवळच्या पाटणचेरूच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेने आयसीटीपी ८२०३ हा वाण तयार केला आणि १९८८ मध्ये तो महाराष्ट्र व आंध्र प्रदेशसाठी प्रसारित झाला. त्याच्यातूनच पुढे जास्त लोह असलेली 'धनशक्ती' निवडली गेली आणि २०१२ मध्ये महाराष्ट्रात आली. तुमच्या गावात कोणी धनशक्ती पेरत असेल तर तिचं मूळ त्या पट्ट्यातल्या शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या राखलेल्या बियाण्यात आहे.

तिथे जाऊन पाहता येईल का?

येईल. अक्राहून टमालेपर्यंत विमान, पुढे रस्त्याने बोलगाटांगा आणि मग टोंगो. टेंगझुगला आलेल्यांना स्थानिक वाटाडे घरं आणि देवस्थान दाखवतात. देवस्थानात जायचं तर कमरेच्या वरचे कपडे काढावे लागतात, स्त्री असो वा पुरुष. मान्य नसेल तर खालीच थांबावं, कोणी आग्रह करत नाही. पीक उभं पाहायचं तर जुलैत जा, सुगी पाहायची तर नोव्हेंबरात. आणि कोणाच्या आवारात गेलात तर आधी घरच्या कर्त्याला भेटून त्याची परवानगी घ्या, कोठीचा फोटो काढण्याआधी तर नक्कीच.